बोलताय का?

१९८३ साल. होळी नुकतीच होऊन गेली होती. जांभूळपेठच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुपारच्या पाळीला मी बोर्डावर होते आणि दवाखान्यानं मागितलेला पुण्याचा ट्रंक कॉल जोडून दिला होता. तीन मिनिटं झाली तशी रिवाजाप्रमाणे लाइनवर गेले.

"बोलताय का?"

उत्तर नाही. नुसती घरघर. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला कान लावावा तशी.

"हॅलो दवाखाना, बोलताय का?"

घरघरच.

ज्यांनी ट्रंक कॉल पाहिला नाही त्यांना हे सांगायला हवं. तेव्हा गावाबाहेरचा फोन आमच्या हातानं जोडला जायचा, आणि तीन मिनिटांनी आम्ही मधे डोकावून विचारायचो, बोलताय का? त्यावर दोन्हीकडून ओरडून सांगायचं, बोलतोय, बोलतोय! नाही सांगितलं तर लाइन गेली. लोक रडता रडता सांगायचे. कुणाचा बाप गेल्याची खबर चाललेली असायची, आणि हुंदक्याच्या मधे आवाज यायचा, "बोलतोय बाई, तोडू नका."

उत्तर आलं नाही म्हणून आम्ही लगेच तोडतही नव्हतो. माणूस रिसिव्हर टाकून उठला असेल, लाइनला काही झालं असेल. अशा वेळी गावातल्या नंबरावर एक लांब घंटी मारायची. बोर्डावरची किल्ली पुढे ओढली की त्या घरातला फोन खणखणायचा. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. माझ्या आधी बोर्डावर बसलेल्या बायकांनी शिकवलं होतं.

मी घंटी मारली. काही नाही. पुन्हा मारली, जरा जास्तच लांब. आणि घरघर एकदम थांबली.

पुण्याच्या बोर्डावरची मुलगी म्हणाली, "जांभूळपेठ, तुमच्याकडून काही येत नाहीये. काढू?"

"काढ," मी म्हटलं आणि प्लग काढला.

माझी जोडीदारीण उषा शिंत्रे चहा घेऊन आली तेव्हा मी तिला म्हटलंसुद्धा, "दवाखान्याची लाइन खराब दिसतेय गं. लाइनमनला सांगायला हवं."

चहा संपायच्या आत नानासाहेब शेवड्यांचा फोन आला. नानासाहेब म्हणजे आमच्या गावच्या धर्मादाय दवाखान्याचे अध्यक्ष. फोनवर ते नेहमी 'नमस्कार' म्हणून सुरुवात करायचे. त्या दिवशी नाही केली.

"बोर्डावर कोण आहे?"

"मी, हेमलता दिघे."

"बाई, तुम्ही लाइन तोडलीत. माणूस गेला."

"कोण गेलं?"

"सदू शिंपी. त्याच्या काळजाचा रिपोर्ट पुण्याला जात होता, तो तुम्ही मधेच तोडलात. आता बसा प्लग खुपसत."

सदूभाऊ गोंजारी आमच्या समोर राहायचे. माझा पहिल्या पगाराचा ब्लाउज त्यांनी शिवला होता. सकाळीच त्यांना मी पाहिलं होतं, ओट्यावर बसून छाती चोळताना. "काय झालं भाऊ?" म्हटलं तर म्हणाले, "काही नाही गं, आतली शिवण उसवलीय जराशी. जातो दवाखान्यात, टाका घालून येतो." आणि स्वतःच्या पायांनी चालत गेले.

हा रिपोर्ट ज्या यंत्रातून जायचा, त्या यंत्राबद्दल आधी सांगते. नानासाहेबांच्या परदेशातल्या भाच्यानं ते दवाखान्याला दिलं होतं. रोग्याच्या मनगटांना, घोट्यांना पट्टे बांधायचे, छातीवर चकती लावायची, आणि त्याच्या काळजाचे ठोके टेलिफोनवरून पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचे. तिथे त्यांचा आलेख उमटायचा आणि मोठे डॉक्टर तिथूनच औषध सांगायचे. आमच्या भागातून पुण्याला न्यायचं म्हणजे निम्मे लोक घाटातच जात, म्हणून गावाला त्याचं अप्रूप होतं. मलाही होतं.

दिवाळीनंतर उद्घाटन झालं. आदल्या दिवशी दवाखान्यातली फिलोमिना सिस्टर मुद्दाम एक्स्चेंजमध्ये आली. ती वसईची, माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ.

"हेमा, उद्या तुला लाइनवर शिट्टी ऐकू येईल. वर-खाली होणारी. ते म्हणजे नानासाहेबांचं काळीज."

"त्यांना आहे?"

"यंत्राला सापडलं तर आहे. आणि हे बघ, तुझं ते 'बोलताय का' करू नकोस मधेच. काळीज काही उत्तर देणार नाही."

मी प्लगवर चिठ्ठी बांधून ठेवली, 'हात लावू नये, दवाखाना'. दुसऱ्या दिवशी नानासाहेब सदरा काढून कॉटवर आडवे झाले, फोटो निघाला, पेढे आम्हालाही आले. पेढा खाता खाता मी शिट्टी ऐकली. खरंच पाखरासारखी होती.

तेव्हा यंत्राला दोन रबरी वाट्या होत्या. फोनचा रिसिव्हर त्यात पालथा ठेवायचा. यंत्र शिट्टी वाजवायचं, रिसिव्हर ती ऐकायचा. आमच्या लाइनला कुणाची तार लागत नव्हती. खात्याचा नियमच तसा होता. परवानगीशिवाय बाहेरचं काहीही लाइनला जोडायचं नाही, आणि परवानगी मिळालीच तर मधे खात्याची पेटी बसवायची. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नियमाचं कारण विचारणाऱ्याला आगाऊ म्हणायचा तो काळ.

पण त्या वाट्या फार नाजूक. दवाखान्यात चिमण्यांची घरटी होती, पंखा खडखडायचा, बाहेरून बैलगाड्या जायच्या. ते सगळं शिट्टीत मिसळायचं. पुण्याचे डॉक्टर एकदा म्हणाले म्हणे, "तुमच्या पेशंटच्या छातीत चिमणी बसलीय का?" नानासाहेबांना ते लागलं. त्यांनी यंत्र तारेनं थेट लाइनला जोडायची परवानगी मागितली. खात्यानं महिनोन्महिने उत्तर दिलं नाही. हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. खात्याचं मीठ मी खाल्लंय, तरी हे लिहिते, कारण या गोष्टीतला पहिला गुन्हेगार तोच आहे. एक माणूस आणि एक पेटी पाठवली असती तर मला हे काही सांगावं लागलं नसतं.

सदूभाऊ गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गावानं मला वाळीत टाकलं. कुणी तसं ठरवलं नाही, आपोआपच झालं. वाणी पुडी हातात न देता फळीवर ठेवू लागला. शाळेच्या कट्ट्यावरून पोरं ओरडायची, "बोलताय का? बोलताय का?" आणि पळायची. आई म्हणाली, "अगं, रजा घेऊन मामाकडे जा थोडे दिवस." मी म्हटलं, "मी गेले तर ते म्हणतील पळाली."

दहाव्याला मी यमुनावहिनींकडे गेले. सदूभाऊंची बायको. लहानपणापासून माझं अर्धं जेवण त्यांच्या घरी झालेलं. त्या शिवणयंत्रापाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"वहिनी, मी लाइन तोडली नाही हो. उत्तर येईना म्हणून घंटी मारली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारच्या बाईला म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, घरी जा. माझ्याशी कुणी बोलायचं नाही."

त्यांना म्हणावं. मला 'हेमडे' म्हणणारी बाई. तो शब्द मी अजून गिळलेला नाही. त्यांच्यावर राग नव्हता. ज्यांनी त्यांच्या तोंडात तो घातला त्यांच्यावर होता, आणि आहे.

नळावर फिलोमिना भेटली. मला पाहून तिनं कळशी अर्धी भरलेली उचलली.

"फिले, तू तरी सांग. तू होतीस ना तिथं?"

"विचारू नकोस, हेमा. खोटं मी बोलणार नाही आणि खरं मला बोलता येणार नाही."

"म्हणजे?"

ती थांबली. इकडेतिकडे पाहिलं. "तू घंटी मारलीस?"

"मारली."

"दोनदा? दुसरी लांब?"

मला नवल वाटलं. "तुला कसं माहीत? फोन वाजला तर उचलला का नाही कुणी?"

"फोन वाजलाच नाही," ती म्हणाली, छातीवर क्रॉस केला आणि निघून गेली.

माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. मी घंटी मारलेली, तिला ती मोजून माहीत, आणि फोन वाजलेला नाही. घंटी गेली कुठं?

नानासाहेबांनी खात्याकडे माझी तक्रार केली, निष्काळजीपणानं माणूस मेला म्हणून. चौकशीला जिल्ह्याहून वर्तक नावाचे इंजिनियर साहेब आले. चौकशी दवाखान्यातच, यंत्राच्या खोलीत. नानासाहेबांनी यमुनावहिनींनाही आणून बसवलं होतं. विधवा समोर असली की माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, हा हिशोब.

खोलीत कॉट, टेबलावर यंत्र, त्याच्या रबरी वाट्या, भिंतीशी लोखंडी कपाट. डॉक्टर निसळ यंत्रापाशी उभे. हे तरुण, हुशार, मृदू बोलणारे डॉक्टर. गावातल्या बाळंतिणी त्यांचं नाव घेऊन दिवा लावायच्या. दाराशी फिलोमिना, हात पाठीमागे.

वर्तकसाहेबांनी विचारलं, "यंत्र लाइनला कसं जोडलं होतं?"

"वाट्यांवर," डॉक्टर म्हणाले. "रिसिव्हर ठेवून. नियमाप्रमाणे."

"तार?"

"नाही."

"साहेब, प्रात्यक्षिकच बघा ना," नानासाहेब म्हणाले. "पुण्याचा कॉल मागवून ठेवलाय. उत्तम चालतं यंत्र. या बाईंनी मधे हात घातला नसता तर आज हा प्रसंगच नव्हता."

फोन खणखणला. डॉक्टरांनी उचलला. पुणे जोडलं होतं. "हो, पाठवतो," असं म्हणून त्यांनी रिसिव्हर वाट्यांमध्ये पालथा घातला आणि दुसरा हात कपाटाच्या मागे नेला. मी बघत होते. तिकडे काय आहे ते मला दिसलं नाही.

"पट्टे कुणाला लावायचे?" वर्तकसाहेब म्हणाले.

"मला लावा," यमुनावहिनी म्हणाल्या. दहाव्यानंतर त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "ह्यांना लावले होते ना? मला लावा."

"छे छे, वहिनी, तुम्ही बसा." नानासाहेब उठले. टोपी काढून टेबलावर ठेवली, सदऱ्याच्या बाह्या सरकवल्या. "उद्घाटन मीच केलं होतं. भीती कसली त्यात?" आणि कॉटवर आडवे झाले.

डॉक्टरांनी मनगटाचे पट्टे बांधले. मग पायांचे. मग यंत्राचं बटण दाबलं. कागदाची पट्टी सरकायला लागली, काटा टुकटुक हलायला लागला. नानासाहेब छताकडे बघून हसत होते.

मला तेव्हा एवढंच सिद्ध करायचं होतं की घंटी मारणं म्हणजे लाइन तोडणं नव्हे. म्हणून मी म्हणाले, "साहेब, बोर्डावर उषा शिंत्रे आहे. मी तिला सांगून आलेय, त्या दिवशी मी जे केलं तेच कर. तीन मिनिटांनी ती 'बोलताय का' विचारेल. उत्तर नाही आलं तर घंटी मारेल. लाइन तुटते का बघा."

डॉक्टरांचा हात थांबला.

"काय मारेल?"

"घंटी."

"आत्ता?"

"होईलच आता."

तो माणूस कॉटवर अक्षरशः झेपावला. "उठा! उठा नाना! काढा!" पट्ट्यांची बक्कलं निघेनात तसे त्यांनी ते ओढले, नानासाहेबांचं मनगट सोललं. "हात लावू नका कशाला! फिलोमिना, खटका वर कर!"

फिलोमिना दारातून हलली नाही.

पट्टे कॉटवर पडले. नानासाहेब उघड्या हातांनी बसून राहिले, तोंड वासून. आणि मग टेबलावरच्या यंत्राचा काटा उडाला. कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत. थांबला. पुन्हा उडाला, लांबवर, कागद फाटेपर्यंत. पट्टे कुणाच्याही अंगावर नव्हते. फोन शेजारीच होता. तो वाजत नव्हता.

वर्तकसाहेब उठले. त्यांनी आणि शिपायानं मिळून कपाट पुढे ओढलं. मागे भिंतीवर आमच्या लाइनची डबी, तिला एक लाकडी खटका, आणि तिथून निघून यंत्राच्या पोटात शिरलेली तार. खटका वर केला की लाइन फोनला, खाली केला की यंत्राला. वाट्या नुसत्या शोभेला. म्हणूनच त्या दिवशी मला शिट्टी नाही, घरघर ऐकू आली होती.

"ही तार काढून टाकावी एवढीसुद्धा लाज वाटली नाही?" साहेब म्हणाले.

नानासाहेब चाचरले. "आलेख... आलेख स्वच्छ यावा म्हणून... डॉक्टर, तुम्ही ओरडलात कशाला पण?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. तार जोडायचा हुकूम त्यांचा. पण त्या तारेतून काय येऊ शकतं, हे त्यांना तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

उत्तर फिलोमिनानं दिलं. दारातूनच, नेहमीच्या फटकळ आवाजात.

"घंटीला लाइनवर वीज सोडतात, नाना. त्या दिवशी फोन वाजला नाही. घंटी सदूभाऊंच्या अंगात वाजली. एकदा वाजली तेव्हा ते म्हणाले, सिस्टर, काय चावलं? दुसऱ्यांदा काही म्हणाले नाहीत."

नानासाहेबांनी सोललेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"मी म्हटलं होतं डॉक्टरांना," ती पुढे म्हणाली, "शिट्टीच्या वेळी सांगितलं तसं हेमाला सांगून येऊ. डॉक्टर म्हणाले, ती खात्याची बाई. तिला कळलं तर उद्या तार कापायला माणूस येईल."

पहिल्यांदा मला सांगितलं, कारण झाकायचं काही नव्हतं. दुसऱ्यांदा झाकायचं होतं, म्हणून सांगितलं नाही. एवढ्यावर माणूस गेला. आणि चौकशीच्या वेळीही, मी बोर्डावर नाही म्हणजे घंटी येणार नाही, एवढ्या भरवशावर डॉक्टरांनी पुन्हा तीच तार जोडली होती.

यमुनावहिनी उठल्या. डॉक्टरांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. उंचीनं त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या.

"ह्यांच्यासाठी नाही ओरडलात, डॉक्टर."

"वहिनी, तेव्हा मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो. तेव्हा माहीत नव्हतं."

"आणि नंतर?" मी विचारलं. "नंतर माहीत होतं ना? तेराव्याला वहिनींच्या दारात येऊन बसलात तेव्हा माहीत होतं. गाव माझ्या तोंडावर थुंकत होतं तेव्हा माहीत होतं. तेव्हा का नाही ओरडलात?"

डॉक्टर कॉटवरचे पट्टे गोळा करायला लागले.

वर्तकसाहेब तारेकडे बघत हळूच म्हणाले, "एका टोकाला माणसाचं अंग, दुसऱ्या टोकाला आमची लाइन. मधे वीज अडवणारी पेटी लागते ती ह्याच्यासाठी."

"मग पाठवायची होती, साहेब," मी म्हटलं. "अर्ज तुमच्याच टेबलावर होता."

आता पुढचं सांगते, कारण ते ऐकल्याशिवाय माझा राग कुणाला कळणार नाही.

डॉक्टर निसळांवर खटला झाला नाही. रोगी हृदयविकाराचाच होता, तो तसाही गेला असता, असं मोठ्या लोकांनी लिहून दिलं. ते नाशिककडे गेले, मोठा दवाखाना काढला, नाव कमावलं. ते वारल्याची बातमी फोटोसकट छापून आली. मी तो कागद रद्दीत घातला. नानासाहेबांचा अर्धपुतळा जांभूळपेठच्या दवाखान्याच्या दारात आहे. ते यंत्र भाच्याला वाईट वाटू नये म्हणून काचेच्या कपाटात ठेवलं होतं, पुढे त्या कपाटाला वाळवी लागली. वर्तकसाहेब बढती घेऊन दिल्लीला गेले. त्यांनी जाता जाता एक काम केलं, आमच्या जिल्ह्यातल्या अशा सगळ्या अर्जांना उत्तरं दिली. उषा शिंत्रे लग्न होऊन इंदूरला गेली. तिकडेही बोर्डावरच बसली, बोर्ड संपेपर्यंत.

फिलोमिनाला दुसऱ्याच महिन्यात नारळ दिला. ती वसईला परतली, चर्चच्या दवाखान्यात लागली. नाताळला तिचा फोन यायचा. "बोलतेय हेमा, बोलतेय, तोडू नकोस," अशीच सुरुवात. तीन वर्षांपूर्वी तिच्या भाचीचा आला.

आणि मला खात्यानं ताकीद दिली. खात्रीवाचून घंटी वाजवल्याबद्दल. सोबत बदलीचा हुकूम. मी बदली घेतली. ताकीद घेतली नाही, तसं लेखी कळवलं. निवृत्त होईपर्यंत ती माझ्या नावावर होती.

निघायच्या दिवशी मी शेवटची पाळी करत होते. खिडकीशी यमुनावहिनी येऊन उभ्या राहिल्या. हातात कागदात गुंडाळलेला ब्लाउज. सदूभाऊंच्या शिवणयंत्रावर त्या शिवायला शिकल्या होत्या, आणि हा त्यांचा पहिला. एक बाही तोकडी होती.

आत यायला त्यांना धीर होईना. मलाही उठायला सुचेना. एवढे दिवस आमच्यात अवाक्षर नव्हतं. शेवटी त्यांनी गजांना धरलं आणि विचारलं,

"हेमडे, बोलतेस का?"

"बोलतेय वहिनी," मी म्हटलं. "बोलतेय."

त्याही गेल्या आता. मी एकटी उरलेय हे सगळं ठाऊक असलेली. हल्ली जांभूळपेठेत कुणाला विचारलं तर सांगतात, पूर्वी इथे एका बाईनं फोन तोडला म्हणून एक शिंपी मेला होता. पुतळ्याखाली उभे राहून सांगतात.

मी तोडला नव्हता. मी विचारलं होतं, बोलताय का? उत्तर देणारी माणसं खोलीत होती आणि गप्प बसली होती.

मी अजून बोलतेय. तोडू नका.